छायाचित्र आणि पाठीवरची अक्षरे : गिरणगावाच्या स्थानिक इतिहासाचे एक साधन

स्थानिक इतिहासाच्या साधनांत छायाचित्राची गणना आता निःसंकोचपणे होऊ लागली आहे. घरोघरच्या पेट्यांतून व भिंतींवरून जुनी छायाचित्रे मिळवावयाची, त्यांच्या प्रतिकृती करावयाच्या आणि त्या सर्वांस पाहावयास खुल्या करावयाच्या, हा उद्योग गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी सुरू झालेला दिसतो. २०१० साली अनुषा यादव यांनी आरंभिलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ आणि २०११ साली काठमांडूत उभी राहिलेली ‘नेपाळ पिक्चर लायब्ररी’ ही या उद्योगाची दोन परिचित उदाहरणे होत. मराठी मुलुखातही गावागावांतील व पेठापेठांतील हौशी मंडळी या कामास लागली आहेत. त्यांचा उत्साह स्वागतार्ह आहे यात शंका नाही. तथापि, संग्रह वाढला म्हणजे इतिहासही आपोआप वाढला असे मानण्याची जी प्रवृत्ती या उत्साहाबरोबर येते, तिची चिकित्सा करणे अगत्याचे आहे. छायाचित्र हा नेमका कशाचा पुरावा, आणि तो पुरावा कोणत्या अटीवर टिकतो, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण समोर ठेवणे सोयीचे होईल. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची योजना केली व १८५६ साली ताडदेव येथे ती चालू झाली. पुढे परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी या टापूत गिरण्या आणि चाळी यांची एक स्वतंत्र वस्ती वाढली. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी येथे भजनी मंडळे, व्यायामशाळा, कलापथके, गणेशोत्सव मंडळे व आपापल्या गावांची ग्रामस्थ मंडळे उभारली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर हे जग झपाट्याने विरत गेले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. १९२०च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींच्या २०७ इमारतींपैकी बहुतेकांची पुनर्बांधणी चालू असून, वरळी येथील पहिल्या रहिवाशांना २०२५ साली नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर बदलताना माणूस काय बरोबर नेतो आणि काय मागे टाकतो, हा येथे इतिहासाच्या साधनांचाच प्रश्न होऊन बसतो.

१

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे वाड्यांतून कुजत पडलेली दप्तरे होती. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते याच चिंतेतून. परंतु दप्तर ज्यांच्या घरी असते त्यांचाच इतिहास दप्तरातून निघतो. देशमुख, कुलकर्णी, इनामदार यांच्या घरी वतनाचे कागद होते. गिरणीतल्या साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरी तसे काही असण्याचे कारण नव्हते. त्याच्या नावाचा कागद म्हणजे पगाराची पावती, रेशनचे कार्ड आणि गावाहून आलेली पत्रे. यांपैकी फार थोडे जपले गेले. जपले गेले ते बहुधा छायाचित्र. कारण ते चौकटीत घालून भिंतीवर लावलेले होते, आणि भिंतीवरची वस्तू देवाच्या तसबिरीशेजारी असल्यामुळे तिला आपसूकच एक प्रकारची पूज्यता येते. दप्तर नसलेल्या समाजाचे दप्तर म्हणजे त्याची छायाचित्रे, असे या मर्यादित अर्थाने म्हणता येईल.

मात्र ही तुलना पुढे नेली की तिच्यातील भेदही लक्षात येतो. दप्तरातला कागद बोलतो. त्यावर नाव, तिथी, स्थळ व व्यवहार यांची नोंद असते. लिपी मोडी असली तरी ती वाचणारा मिळेपर्यंत कागद वाट पाहू शकतो. छायाचित्र वाट पाहत नाही. त्यातील चेहरे ओळखणारी शेवटची व्यक्ती गेली की त्याचा मजकूरच नाहीसा होतो, आणि तो कोणत्याही लिपितज्ज्ञाला परत मिळवता येत नाही.

२

या भेदाचे मूळ चिन्हाच्या स्वरूपात आहे. चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे जे तीन वर्ग कल्पिले, त्यांत साम्यावर आधारलेले चिन्ह, प्रत्यक्ष संबंधावर आधारलेले चिन्ह आणि संकेतावर आधारलेले चिन्ह असा भेद आहे. छायाचित्र वस्तूसारखे दिसते, म्हणून ते पहिल्या वर्गात पडते असे वाटते. परंतु त्याचे पुराव्याचे बळ दुसऱ्या वर्गातून येते. धूर जसा अग्नीचा, पाऊलखूण जशी पावलाची, तसे छायाचित्र हे समोर असलेल्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशाचे चिन्ह आहे. म्हणूनच ‘असे कोणीतरी येथे होते’ इतके ते ठामपणे सांगते. ‘कोण’, ‘कोठे’ व ‘केव्हा’ हे मात्र ते सांगू शकत नाही. कारण नाव, स्थळ व काळ ही तिसऱ्या वर्गातील, म्हणजे भाषेच्या कक्षेतील चिन्हे होत.

रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली लिहिलेल्या एका निबंधात चित्राशेजारचा मजकूर चित्राच्या अनेक संभाव्य अर्थांना नांगर टाकून एका जागी धरतो, असा विचार मांडला. जाहिरातीच्या चित्राविषयी मांडलेला हा विचार समूह-छायाचित्राला अधिकच लागू पडतो. व्यायामशाळेच्या किंवा मंडळाच्या छायाचित्राखाली ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ अशा ज्या ओळी असतात, त्यांचे व्याकरण विचार करण्याजोगे आहे. त्यांत क्रियापद नाही, विधान नाही. केवळ दिशा, क्रम आणि नावे आहेत. ‘हा’, ‘तो’, ‘येथे’, ‘आता’ या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतो हे रोमान याकोबसन यांच्या १९५७ सालच्या विवेचनापासून भाषाभ्यासकांस परिचित आहे. ‘डावीकडून’ हा शब्दही त्याच जातीचा. तो पाहणाऱ्याची डावी बाजू सांगतो, बसलेल्याची नव्हे. आणि प्रतिकृती करताना छायाचित्र उलटे छापले गेले की नावांचा क्रम उलटा लागतो, किंवा डाव्या कडेचा एक माणूस कापला गेला की सगळी नावे एकेका चेहऱ्याने सरकतात. एका ओळीतील हा लहानसा अपघात पुढच्या पिढीला दुसऱ्याच माणसास आजोबा म्हणावयास लावू शकतो.

३

छायाचित्राला नाव देण्याच्या दोन जुन्या रीती आढळतात आणि स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही अपुऱ्या आहेत.

पहिली रीत राज्यकर्त्यांची. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातिजमातींवरील सचित्र ग्रंथाचे दोन भाग १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले; दुसरा भाग महाराष्ट्राविषयी आहे. त्यांतील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत : चित्रशाळेत बसवून घेतलेल्या आकृती कापून त्या निराळ्याच देखाव्यावर चिकटवलेल्या आहेत. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथातही हीच दृष्टी आहे. या ग्रंथांत चित्राखाली सामान्यतः जातीचे, जमातीचे वा धंद्याचे नाव येते. व्यक्तीचे नाव क्वचितच येते. चित्रातील माणूस स्वतः कोणी नाही, तो एका वर्गाचा नमुना आहे. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर विशेषनामाची जागा येथे सामान्यनामाने घेतली आहे.

दुसरी रीत घरची. कुटुंबातील छायाचित्राच्या पाठीवर ‘आत्या व तिची मुले’, ‘धाकटे काका, मुंबई’, ‘आई आजारातून उठल्यावर’ असे लिहिलेले असते. येथे व्यक्ती आहे, जिव्हाळा आहे. परंतु नातेवाचक शब्द कोणाच्या तरी संदर्भानेच अर्थपूर्ण होतो. कोणाची आत्या? इरावती कर्वे यांच्या १९५३ सालच्या आप्तसंबंधविषयक ग्रंथाने भारतीय भाषांतील नातेवाचक शब्दांच्या व्यवस्थांचा तौलनिक विचार अभ्यासकांपुढे ठेवला. ‘वहिनी’, ‘आक्का’, ‘दादा’, ‘मावशी’ हे शब्द तर रक्ताच्या नात्यापलीकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांसही लागतात. चाळीतली ‘मावशी’ ही आईची बहीण असेलच असे नाही; ती खाणावळ चालवणारी बाई असू शकेल. लिहिणारा हयात आहे तोवर हे सर्व स्पष्ट असते. तो गेला की ‘आत्या’ हा शब्द उरतो आणि आत्या नाहीशी होते.

जॉन्सनच्या पद्धतीने माणूस वर्गात हरवतो, घरच्या पद्धतीने तो नात्यात हरवतो. संग्राहकाचे खरे काम या दोहोंमधून तिसरी नोंद सिद्ध करण्याचे आहे : जीत पूर्ण नाव असेल, घरची हाक असेल, हाक मारणारा कोण हेही असेल, आणि गाव, चाळ, खाते, मंडळ यांचा उल्लेख असेल. ही नोंद सिद्ध करावयास प्रतिकृती करण्याच्या यंत्रापेक्षा संभाषणाचे कौशल्य अधिक लागते.

४

पाठीवर जे लिहिलेले असते ते मात्र जसेच्या तसे उतरवून घेतले पाहिजे. त्याचे ‘शुद्धीकरण’ करणे हा पुराव्याचा नाश होय. या अक्षरांतून काय निघू शकते याची काही उदाहरणे देता येतील.

नावामागील उपपदे पाहावीत. ‘चि.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’, ‘कै.’ ही चार उपपदे माणसाच्या आयुष्यातील अवस्था दाखवतात. पण त्या अवस्था छायाचित्र घेतले त्या क्षणाच्या की पाठीवर लिहिले त्या क्षणाच्या? एका तरुणाच्या छायाचित्रामागे ‘कै.’ असे लिहिलेले असेल तर अक्षरे चित्रानंतर, कदाचित अनेक वर्षांनंतर, उमटली हे उघड आहे. एकाच नावामागे ‘सौ.’ खोडून ‘गं. भा.’ केलेले आढळले तर तेथे दोन वेळा लिहिले गेले आहे, आणि त्या खाडाखोडीत एका घराचा इतिहास आहे. थोडक्यात, प्रत्येक छायाचित्राला तीन काळ असतात : चित्र घेतल्याचा, पाठीवर लिहिल्याचा आणि आज कोणी त्याविषयी सांगितल्याचा. नोंदवहीत या तीन काळांसाठी तीन रकाने नसतील तर त्यांची सरमिसळ अटळ आहे.

लेखनपद्धतीही साक्ष देते. मराठीच्या लेखनविषयक नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली आणि शब्दान्ती येणारे अनुच्चारित अनुस्वार छापील मजकुरातून गळाले. तेव्हा ‘मंडळाचें वार्षिक संमेलन’ अशी ओळ जुन्या लेखनाभ्यासाची निदर्शक ठरते. परंतु येथे सावधगिरी हवी. लहानपणी जडलेली लेखनाची सवय शासननिर्णयाने बदलत नाही. जुन्या शाळेत शिकलेला मनुष्य १९८० सालीही अनुस्वार देत असेल. म्हणून लेखनपद्धतीवरून काळ ठरवता येत नाही, फक्त त्याची संभाव्यता ठरवता येते.

पुठ्ठ्यावरील किंवा पाठीवरील स्टुडिओचा शिक्का याहून अधिक भरवशाचा. पत्त्यात ‘मुंबई १२’ असे असेल तर तो शिक्का सामान्यतः १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा मानता येतो, कारण त्या दिवशी सहा अंकी पिन कोड सुरू झाला. ‘४०० ०१२’ असे असेल तर तो निश्चितपणे त्यानंतरचा. रस्त्यांची नावेही याच रीतीने उपयोगी पडतात. डिलाइल रोडचे नाव ना. म. जोशी मार्ग झाल्यानंतरही लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. परंतु छापील शिक्का आणि तोंडची वाणी यांतील हे अंतरच अभ्यासकाला काही सांगून जाते. शिक्क्याजवळ निगेटिव्हचा क्रमांक असल्यास तोही उतरवून घ्यावा; एकाच प्रसंगाची वेगवेगळ्या घरांत गेलेली चित्रे त्यावरून जुळवता येतात.

यावर असा आक्षेप येईल की, पाठीवरची अक्षरे चुकीची असू शकतात आणि वृद्धांची स्मृती त्याहून अधिक चुकीची. आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर भारतीय विद्येच्या परंपरेतच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली व १९६६ साली पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाठभेद लपवत नाही. ते तळटीपेत नोंदवते आणि स्वीकारलेल्या पाठाची जबाबदारी घेते. एका चेहऱ्याला तीन घरांतून तीन नावे मिळाली तर तिन्ही नावे, ती सांगणाऱ्यांसह, नोंदली पाहिजेत. बहुमताने चेहरा ओळखण्याची पद्धत शास्त्रीय नव्हे.

५

संग्रहात जे आहे त्याइतकाच जे नाही त्याचाही विचार झाला पाहिजे. छायाचित्रास पैसे लागत आणि प्रसंग लागे. लग्न, बारसे, मंडळाचा वर्धापनदिन, निवृत्तीचा निरोपसमारंभ हे छायाचित्राचे प्रसंग. पाळीवरून परत येणे, नळावर रांग लावणे, डबे पोचवणे हे नव्हेत. त्यामुळे घरोघरच्या छायाचित्रांतून जे गिरणगाव उभे राहते ते सणाच्या कपड्यांतील गिरणगाव असते. त्यातून कामगाराचे आयुष्य समारंभांनी भरलेले होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल; पण संग्रह जर कोणत्याही विवेचनाशिवाय मांडला गेला तर पाहणाऱ्याच्या मनावर ठसा तोच उमटतो.

समूह-छायाचित्रांतील अनुपस्थितीही वाचावी लागते. कापडखात्यात बोभीण बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यात दीर्घकाळ मज्जाव होता. अशा खात्यातील जुने समूह-छायाचित्र समोर आले तर त्यातील चेहऱ्यांइतकाच त्यात उभे राहू न दिलेल्यांचा इतिहास सांगणे नोंदकर्त्याचे कर्तव्य ठरते. वाइंडिंग व रीलिंग खात्यांत स्त्रिया काम करीत. विसाव्या शतकात त्यांचे प्रमाण सतत घटत गेले. एकट्या आलेल्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवीत. मंडळाच्या कार्यकारिणीच्या चित्रात या बायका दिसत नाहीत, आणि जेथे दिसतात तेथे पुष्कळदा नावाऐवजी ‘सौ.’ व नवऱ्याचे नाव एवढेच येते. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे माहेरच्या व सासरच्या चित्रांतील एकच स्त्री नोंदवहीत दोन व्यक्ती होऊन बसते. या दृष्टीने नेपाळ पिक्चर लायब्ररीने २०१६ साली दलितांच्या व २०१८ साली स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाच्या छायाचित्रांची जी प्रदर्शने मांडली ती अनुकरणीय आहेत. तेथे संग्रहाने हाती आले ते मांडले एवढेच केले नाही. काय हाती येत नाही हे ओळखून ते शोधले.

६

आता प्रसाराविषयी. जुनी छायाचित्रे आज हाताहाती इतक्या वेगाने फिरतात की त्यांच्या संग्रहाचे काम आपोआप होत आहे असा समज पसरला आहे. वस्तुतः घडते ते उलट. चित्र जितक्या वेळा पुढे पाठवले जाते तितका त्याचा उगम मागे पडतो. अभिलेखशास्त्रात १८४१ साली फ्रान्समध्ये एक तत्त्व मान्य झाले : कागद ज्या संचातून आला त्या संचातच ठेवावा. विषयवार विस्कटू नये. हे तत्त्व छायाचित्रासही लागू आहे. अल्बममधील चित्रांचा क्रम हाच एक लेख असतो. त्यातील एकच ‘चांगले’ चित्र उचलून फिरवणे म्हणजे पोथीतील एक पान फाडून घेणे होय. ‘जुनी मुंबई’ या नावाखाली जी चित्रे सर्वाधिक फिरतात, त्यांत ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावलेली ट्राम, रिकामे रस्ते आणि दगडी इमारती यांचा भरणा असतो. ती रम्य आहेत. परंतु ज्यात कोणालाही ओळखावे लागत नाही असा भूतकाळ ती देतात. स्थानिक इतिहासाची खरी कसोटी ओळखावे लागणाऱ्या चित्रांत आहे.

प्रसाराला संमतीचीही मर्यादा आहे. घरच्या भिंतीवरील चित्र घराच्या विश्वासाने दिलेले असते. संपानंतरच्या हलाखीचे, मोडलेल्या लग्नाचे, किंवा पुढे निराळा मार्ग धरलेल्या एखाद्या स्त्रीचे चित्र अभ्यासकाला मोलाचे वाटेल. ते चारचौघांत मांडण्याचा अधिकार मात्र त्या मोलातून येत नाही. काही चित्रे जपावीत पण मांडू नयेत, हे संग्राहकाने दात्यासमक्ष लिहून ठेवले पाहिजे.

पदार्थ म्हणून छायाचित्राची काळजी घेण्याचे नियम थोडे व साधे आहेत. पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनेच लिहावे. शाई पुढच्या बाजूस उमटते. चिकट पानांच्या अल्बममधील चित्रे शक्य तेथे सोडवून घ्यावीत, कारण तो चिकटपणाच त्यांना खातो. १९७० व १९८०च्या दशकांतील रंगीत प्रती त्यांच्याहून जुन्या कृष्णधवल प्रतींपेक्षा लवकर विटतात. म्हणून जुन्याला आधी व नव्याला मागाहून असा क्रम येथे उपयोगी नाही. प्रतिकृती चित्राच्या दोन्ही बाजूंची करावी. पाठ ही छायाचित्राची रिकामी बाजू नव्हे.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा की, छायाचित्रसंग्रह हे मुळात भाषेचे काम आहे. चित्र टिकवणे यंत्राने साधते. चित्राविषयीचे बोलणे टिकवणे माणसालाच करावे लागते, आणि त्याला मुदत आहे. १९८२ साली विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जे वीस वर्षांचे होते ते नव्वदीच्या आसपास आहेत. चाळीची खोली सोडताना भिंतीवरची चौकट नव्या घरात जाईलही. पण ‘मागच्या रांगेत तिसरा तो कोण’ याचे उत्तर त्या चौकटीत नसते. ते शेजारच्या खोलीतील एखाद्या वृद्धेच्या तोंडी असते, आणि नव्या इमारतीत ती शेजारीण राहिलेली नसते. विभागातील विद्यार्थ्यांना क्षेत्रीय कामासाठी बोलीचे नमुने गोळा करावयाचेच असतात. त्यांनी प्रश्नावलीबरोबर त्या घरचे एक जुने छायाचित्र समोर ठेवून बोलते केले, तर बोलीही मिळेल आणि नावेही मिळतील. नावांचे काम आधी उरकावे. बोलीला अजून थोडा अवकाश आहे.